ब्रेक ऑइल जातं कुठे?



इंग्लंडमध्ये आमच्याकडे 1972ची एमजीबी आहे, माझ्याहून वयाने मोठी! तिचं ब्रेक ऑइल कमी व्हायचं, गळती मात्र कुठेच दिसेना. गॅरेजवाला म्हणाला, मास्टर सिलिंडर बदला. मी आधी सर्व्हो तपासला. इंजिन बंद असताना पेडल चार-पाचदा दाबलं, पाय तसाच ठेवून इंजिन सुरू केलं. पेडल किंचित खाली गेलं. म्हणजे व्हॅक्यूम पोचत होता. (निर्वात म्हणजे काय ते बाईंनीच शिकवलं.) मग इंजिनाकडे जाणारी व्हॅक्यूमची नळी काढली, तर आतून ओली! सर्व्होचं सील गेलं होतं. ऑइल इंजिनात ओढलं जाऊन पांढऱ्या धुरातून बाहेर पडत होतं. उतारावर ब्रेक गेला असता तर? शेजारी लेक बसते. सील बदललं, ब्रेकमधली हवा काढली. आता ऑइलची पातळी दर रविवारी तीच बघते.