पाण्यावरचें बिऱ्हाड

कर्जतहून पुण्याकडे जातांना बोरघाटाच्या चढावर ठाकुरवाडी नांवाचें एक ठाणें लागतें. मी ज्या ठाकुरवाडीविषयीं बोलणार आहें ती मात्र त्याहून निराळी. कर्जत आणि खालापूर या भागांत डोंगराच्या कुशीला या नांवाच्या वस्त्या एकाहून अधिक आहेत. त्यांपैकीं एकीत गेल्या वैशाखांत माझें जाणें झालें. एका ठाकर आजींच्या पडवींत पाणी पिण्यास बसलों असतां बोलतां बोलतां मी त्यांना सांगितलें कीं, होडींतच संसार थाटून राहणाऱ्या लोकांविषयीं मला रेडिओवर बोलावयाचें आहे. आजी क्षणभर विचारांत पडल्या आणि म्हणाल्या, "मंग दादा, त्यांना पाण्याला तरी जायाला लागत नसंल!"

नुकत्याच त्या खालच्या विहिरीवरून दोन हंडे घेऊन चढून आल्या होत्या. ज्या डोंगरावर आषाढांत पावसाच्या धारा खंडत नाहींत, त्याच डोंगरावर वैशाखांत एका हंड्यासाठीं अर्धी सकाळ खर्ची पडते. तेव्हां त्यांच्या प्रश्नाला हंसण्याचें मला कांहींच कारण नव्हतें. आम्हां शहरवासीयांची या विषयींची कल्पना तरी काय मोठी निराळी असते? होडींतलें घर म्हटलें कीं आमच्या डोळ्यांपुढें चांदणें, मंद वारा आणि निरुद्योगी माणसें उभीं राहतात. प्रत्यक्षांत तेथें सर्वांत अधिक जपावें लागतें तें पिण्याचें पाणी, आणि सर्वांत दुर्मिळ असतो तो निरुद्योग.

भोंवतीं अथांग पाणी, आणि प्यावयाचें तें टाकींतलें मोजकें. भांडीं खाऱ्या पाण्यानें घासावयाचीं, अंघोळ शक्य तों खाऱ्या पाण्यानेंच करावयाची, आणि गोडें पाणी शेवटच्या तांब्यापुरतें. समुद्राचें पाणी गोडें करणारीं यंत्रें आतां निघालीं आहेत हें खरें. पण यंत्राला वीज लागते, विजेला इंधन किंवा ऊन लागतें, आणि यंत्र बिघडलें कीं मेकॅनिक कोठून आणावयाचा? अभिलाष टॉमी या आपल्या नौदलाच्या अधिकाऱ्यानें १ नोव्हेंबर २०१२ रोजीं मुंबईहून एकट्यानें निघून, कोठेंहि न थांबतां पृथ्वीप्रदक्षिणा केली. प्रवासाच्या अखेरीस, घर जवळ येत असतांना, त्याच्या पिण्याच्या पाण्यांत डिझेल मिसळल्याचें आढळलें. वादळांतून सुखरूप आलेल्या माणसाला तांब्याभर पाण्याची चिंता पडावी, यांतच या संसाराचें मर्म आहे.

आपल्याकडे एकट्यानें जगप्रदक्षिणा करून अशा जीवनाचा पहिला अनुभव घेतला तो कमांडर दिलीप दोंदे यांनीं. कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. हे गृहस्थ निवृत्तीनंतर समुद्रापासून दूर, फलटणजवळच्या विंचुर्णी येथें राहत, आणि तेथें बसून एखाद्या भारतीयानें एकट्यानें शिडाच्या नौकेंतून जगाला वळसा घालावा असा ध्यास बाळगीत. गोव्यांत दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत छप्पन फुटांची नौका तयार झाली. मांडवीचेंच जें वरच्या अंगाचें नांव, तें 'म्हादेई' हें तिला देण्यांत आलें. दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजीं मुंबईहून निघाले आणि १९ मे २०१० रोजीं परतले. वाटेंत फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाउन या चारच ठिकाणीं ते थांबले. हे मुक्काम विश्रांतीसाठीं असतील अशी जर कोणाची समजूत असेल, तर ती चुकीची आहे. बंदरांत आलेल्या खलाशाच्या हातीं प्रथम येते ती दुरुस्तीची यादी.

या यादीला अंत नसतो. मीठ हा पहिला शत्रू. तें कपड्यांत बसतें, कुलुपांत बसतें, विजेच्या तारांच्या टोकांशीं हिरवट गंज चढवितें. शिडाला उन्हानें जीर्णता येते. दोर जेथें लोखंडावर घासतो तेथें तो रोज कणाकणानें झिजतो. म्हणून शहाणा माणूस तो तुटण्याची वाट न पाहतां मधून मधून जागेवरून थोडा सरकवितो, म्हणजे झीज एकाच ठिकाणीं होत नाहीं. तळाला शिंपल्यांची पुटें चढतात व नौका जड चालूं लागते; त्यासाठीं ती किनाऱ्यावर ओढून, खरवडून, तांब्याचा अंश असलेला रंग तिला द्यावा लागतो. पाण्याखालीं पंख्याजवळ जस्ताचा एक गोळा बसविलेला असतो. खाऱ्या पाण्यांत दोन धातु जवळ आले कीं त्यांतला एक खाल्ला जातो. तो मान जस्तानें घ्यावा आणि पितळेचा पंखा वांचावा, एवढ्यासाठींच त्याची योजना. वर्षाकाठीं पाहावें तर त्या गोळ्याचा सांपळा उरलेला असतो. तो वेळेवर बदलला नाहीं तर पुढचा घांस पंख्याचा.

स्वयंपाकघराचीहि तऱ्हा अशीच. चूल दोन खुंट्यांवर झुलती टांगलेली असते, म्हणजे नौका कलली तरी भाताचें पातेलें सपाट राहतें. परंतु स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षां जड असतो. घरांत तो दाराच्या फटींतून तरी निघून जाईल. नौकेचा तळ म्हणजे एक मोठी वाटीच, तींत तो सांचून राहतो, आणि मग एक ठिणगी पुरते. म्हणून चहाचें आधण उतरलें कीं टाकीची चावी बंद, हा तेथील पहिला धर्म. गृहिणींनीं हा नियम शहरांतहि पाळण्यास हरकत नाहीं.

आतां शेजाराविषयीं. परदेशांत ज्या गोद्यांत अशा नौका ओळीनें बांधलेल्या असतात, तेथील वस्ती गिरगांवांतल्या चाळीची आठवण करून देणारी आहे. मधें लाकडी पायवाट, तिच्या दोहों बाजूंस बिऱ्हाडें, आणि किनाऱ्यावरून आणलेला पाण्याचा नळ व विजेची तार. जागा अपुरी असली तर एका नौकेला दुसरी, दुसरीला तिसरी अशा बांधतात. तिसऱ्या नौकेच्या कुटुंबाला बाजारांत जावयाचें तर दोन घरें ओलांडूनच. पण तेथें रीत अशी कीं, दुसऱ्याच्या नौकेवरून जातांना पुढच्या टोंकाकडून जावें. मागच्या बैठकीच्या जागेंतून जाणें म्हणजे परक्याच्या माजघरांतून जाण्यासारखें. चढण्यापूर्वीं हांक द्यावी, पायांतले जोडे काढावेत. रात्रीं वारा सुटला कीं डोलकाठीवर दोर आपटून खणखण आवाज होतो. तो आपल्या नौकेचा असेल तर उठून बांधणें हें सज्जनाचें लक्षण, आणि न बांधणाऱ्याची सकाळीं सर्व ओळींत निंदा होते. साखरेऐवजीं येथें पाना उसना मागतात, एवढाच काय तो फरक. नवी नौका येतांना दिसली कीं हातांतलें काम टाकून जो तो तिचा दोर झेलावयास धांवतो, मग त्या माणसाशीं कालच भांडण झालेलें असो.

आमच्या कोळीवाड्यांत तरी दुसरें काय आहे? पावसाळ्यांत मासेमारी बंद असते, नौका वर ओढलेल्या असतात, आणि तांडेल व खलाशी त्यांच्या सावलींत बसून जाळीं विणतात, रंग देतात, फळी बदलतात. बंदरावरच्या गप्पा त्याच दिवसांत रंगतात. नारळी पौर्णिमेला नारळ समुद्रांत पडेपर्यंत हें चालतें.

सन २०१७ मध्यें आपल्या नौदलाच्या सहा स्त्रिया वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखालीं 'तारिणी' नौकेंतून जगप्रदक्षिणेस निघाल्या. पंचावन्न फुटांत सहा जणी, आणि तेंहि आठ महिने! पाळीपाळीनें सुकाणूं, पाळीपाळीनें स्वयंपाक. परतीच्या वाटेवर सुकाणूंच्या यंत्रणेंत बिघाड झाला, आणि ठरलेलें नसतांना मॉरिशसला थांबून तो दुरुस्त करावा लागला. त्यानंतर २१ मे २०१८ रोजीं त्या गोव्यास पोंचल्या.

परंतु मला सर्वांत जवळची वाटते ती 'सुहेली'ची हकीकत. ही बत्तीस फुटांची सागवानी नौका साठ-बासष्ट वर्षांपूर्वीं आमच्या मुंबईंतच, येथल्या सुतारांच्या हातून घडली. तिचा मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा व्यापारी जहाजांवरचा इंग्रज अधिकारी. तो १४ जून १९६८ रोजीं इंग्लंडमधील फाल्मथ बंदरांतून निघाला व २२ एप्रिल १९६९ रोजीं तेथेंच परतला. एकट्यानें न थांबतां जगाला वळसा घालणारा तो पहिला मनुष्य. आरंभींच, अटलांटिकमध्यें, नौकेच्या तळाशीं सांधे उघडून पाणी आंत येऊं लागलें. नौका थांबवून तो स्वतः पाण्यांत उतरला, श्वास रोखून फळ्यांच्या फटींत कापूस ठासूं लागला. कापूस राहीना, तेव्हां त्यावर कॅनव्हासची पट्टी, आणि तिच्यावर तांब्याचा पत्रा ठोकला. मध्यंतरीं एक शार्क घिरट्या घालूं लागला. वर चढून त्यानें बंदुकीनें तो मारला, थोडा वेळ वाट पाहिली, आणि पुन्हां खालीं उतरून उरलेले खिळे ठोकले. मला त्या गोळीपेक्षां त्या उरलेल्या खिळ्यांचें अधिक कौतुक वाटतें.

याच सफरींत पुढें, दक्षिण समुद्रांतील वादळांत, त्याच्या टाक्यांतलें पिण्याचें पाणी खराब झालें. तेव्हां पाऊस आला कीं शिडावरून ओघळणारें पाणी तो बादलींत धरी, आणि त्यावर त्यानें महिनोगणती दिवस काढले.

हें भाषण लिहीत असतांना, मृगाचे पहिले थेंब पडल्यावर, मी पुन्हां त्या ठाकुरवाडीस गेलों. आजींचा मुलगा घरावर चढून छप्पर शाकारीत होता, आणि खालून त्या त्याला पेंढ्या देत होत्या. त्यांच्या प्रश्नाचें उत्तर मीं त्यांना दिलें: मोजलेलें पाणी, खराब झालेल्या टाक्या, शिडाखालीं धरलेली बादली, सारें सांगितलें. त्यांनीं हातांतली पेंढी खालीं ठेवली, आणि छपराच्या कडेला ओळीनें मांडून ठेवलेल्या हंड्यांकडे बोट केलें.

"आमी बी पागोळ्या धरतो दादा," त्या म्हणाल्या. "पन पयला पाऊस धरायचा नाय. छपराची घान येते त्यात. त्या बाबाला ठावं व्हतं का?"

शिडावर वाळलेलें मीठ पहिल्या सरींत धुऊन जाऊं द्यावें लागतें, मगच पाणी गोडें येतें, हें मीं त्यांना सांगितलें. "मंग ठावं व्हतं," असें म्हणून त्यांनीं पेंढी पुन्हां उचलली.