निजवलेला प्रवासी

विमानात सामानाच्या कप्प्यात एकटे पडलेले कुत्रे भेदरेल, म्हणून त्याला आधीच गुंगीचे औषध देऊन निजवावे, असे पुष्कळ धन्यांना वाटते. ही दया घातक ठरू शकते. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगास घाम येत नाही. अंगातील उष्मा ते मुख्यतः धापा टाकूनच बाहेर घालविते. त्यातच उड्डाणात विमानातील हवा ८,००० फूट उंचीवरच्या, म्हणजे महाबळेश्वराच्या जवळजवळ पावणेदोनपट उंचीवरच्या हवेइतकी विरळ होऊ शकते. औषधाने रक्तदाब उतरलेला जीव तेथे ना नीट धापा टाकू शकतो, ना पिंजरा हलला असता स्वतःस सावरू शकतो. पग, बुलडॉग या चपट्या नाकाच्या जातींना तर जमिनीवरही श्वास पुरत नाही. आणि आपल्याकडे हौस नेमकी त्यांचीच! पशुवैद्य सहसा अशा औषधाला अनुमती देत नाहीत, ते यामुळेच.

त्यापेक्षा पिंजरा काही आठवडे आधी घरात आणावा, दार उघडे ठेवून त्यातच जेवण द्यावे. प्राण्याला त्यात उभे राहता, वळता व निजता आले पाहिजे. धन्याच्या अंगावरची जुनी चादर आत अंथरावी. वैशाखातले दुपारचे विमान मात्र टाळावे. विमानात चढविण्यापूर्वी पिंजरा तापलेल्या विमानतळावर ताटकळतो, तो वेळ उड्डाणाहूनही कठीण असतो.