परदेशी नोकरीचा परवाना



आपल्या कोकणातली माणसे दुबईला, मस्कतला, कुवेतला नोकरीला जातात, हे काही नवीन नाही. गवंडी जातात, सुतार जातात, ड्रायव्हर जातात. जावे. आम्ही नको म्हणत नाही. पण कामाचा परवाना कोण देतो, हे आधी नीट समजून घ्यावे.

पुष्कळांना वाटते, एजंटाला पैसे दिले की परवाना मिळतो. तसे नाही. दुबईचेच बघा. दुबई ज्या देशात आहे, त्याचे नाव संयुक्त अरब अमिराती. तिथल्या सरकारकडे परवाना मागतो तो तिथला मालक. मालक आधी नोकरीचे पत्र पाठवतो. काम कोणते, पगार किती दिरहम, हे त्यात लिहिलेले असते. पत्र अरबीत आणि इंग्रजीत असते. सोबत कामगाराला कळेल अशी तिसरी भाषा घेता येते. त्या भाषांत हिंदी आहे. हिंदीची अक्षरे आपलीच. म्हणजे तुम्ही आता ते पत्र वाचू शकता, बरं का! दुसऱ्याकडून वाचून घेऊ नका. स्वतः बोट ठेवून वाचा. पगाराचा आकडा दोनदा वाचा. मगच सही करा. सही झाल्यावर मालक परवाना काढतो. त्याचा खर्च मालकाने सोसायचा, कामगाराकडून घ्यायचा नाही, असे तिथल्या २०२१ सालच्या कायद्यात आहे.

आता आपल्या सरकारचे बघू. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टात बहुधा ‘ईसीआर’ अशी नोंद असते. अशा माणसाला आखाती देशांत नोकरीला जायचे तर आपल्या सरकारची मंजुरी लागते. १९८३ सालचा तसा कायदा आहे. मंजुरी देताना करारपत्र तपासतात. विमाही उतरावा लागतो. दोन वर्षांचे २७५ रुपये. कामावर असताना अपघाताने मृत्यू आला, तर घरच्यांना १० लाख रुपये मिळतात.

ही मंजुरी लोकांना कटकट वाटते. दलाल तेच हेरतो. म्हणतो, “कशाला एवढी यातायात? फिरायला जायचा व्हिसा काढून देतो. तिथं पोचलास की कामाचा करून घेऊ.”

फिरायला जाणाऱ्याला ही मंजुरी लागत नाही. म्हणून हा रस्ता सोपा दिसतो. पण मग करारपत्र तपासायला कोणी नाही. विमा नाही. आणि फिरायच्या व्हिसावर काम करणे हा तिथे गुन्हा आहे. मालकाने पगार बुडवला, तर तक्रार करायलाही माणूस भितो. व्हिसाची मुदत संपली की रोजचा दंड चढतो. इकडे घरी बायकोचे डाग गहाण पडलेले, व्याज चालू. मग ना तिथे राहता येते, ना घरी येता येते.

तेव्हा एजंटाला पहिल्या दिवशीच विचारावे, “तुमचा सरकारी नोंदणी नंबर काय?” नंबर सांगताना तो चाचरला, तर तिथून उठावे. नोंदलेल्या एजंटांची यादी सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ या संकेतस्थळावर आहे. शाळेत जाणारा मुलगासुद्धा ती मोबाइलवर काढून देईल. एजंटाची फी ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. पावती मागून घ्यावी. पावती मागितली की, “आमच्यावर भरवसा नाही का?” असे काही जण रागाने विचारतात. खुशाल रागावू द्या!

निघण्यापूर्वी पासपोर्ट, नोकरीचे पत्र, मंजुरी, विमा आणि पावती यांच्या नकला काढाव्यात. एक जोड बरोबर न्यावा. दुसरा घरी ठेवावा, आणि तो कोणत्या ट्रंकेत आहे हे घरच्या बाईला दाखवून मगच गाडीत बसावे.