तीस टक्के हा तळ आहे



पाठीवर जड ओझं घेऊन मैलोन्‌मैल चालायचं, पॅराशूटनं उतरताना जमिनीचा हिसका पायांवर झेलायचा. सैनिकाचे गुडघे असे झिजतात, आणि ती झीज अनेकदा निवृत्तीनंतर उभं राहणं मुश्कील करते. अमेरिकेत अशा माजी सैनिकाचा गुडघा पूर्ण बदलावा लागला आणि दुखण्याचं मूळ सैन्यसेवेत असल्याचं मान्य झालं, तर माजी सैनिकांचं सरकारी खातं अपंगत्वाची टक्केवारी ठरवतं. महिन्याचा भत्ता त्यावर मिळतो.

शस्त्रक्रियेनंतर चार महिने १०० टक्के. फेब्रुवारी २०२१ पूर्वी हीच मुदत वर्षभराची होती. पुढे किमान ३० टक्के; हालचालीत तीव्र वेदना किंवा पायात मोठा अशक्तपणा कायम राहिला, तर ६०. या दोन आकड्यांच्या मधला निर्णय गुडघा किती सरळ होतो, किती दुखतो, यावरून होतो.

माझी कळकळ इथंच आहे. ३० हा तळ आहे, पण अनेकजण तोच अखेरचा निकाल समजतात. दुखणं गिळायची सवय सैनिकाला नोकरीतच लागते. तपासणीच्या दिवशी डॉक्टर विचारतात, आणि तो सांगतो, "ठीक आहे." कागदावर तेच उतरतं. वास्तविक, दुखणं उफाळतं तेव्हा हालचाल किती कमी होते, हेही तपासणीत पाहिलं पाहिजे, असं तिथल्या माजी सैनिकांच्या अपील न्यायालयानं १९९५ मध्येच बजावलं आहे. म्हणून वाईट दिवसाची हकीकत सांगायलाच हवी: जिना, रात्रीची झोप, काठी, सारं.

एका पायाला जपताना भार दुसऱ्यावर पडतो. त्या भारानं दुसरा गुडघाही बिघडला असं डॉक्टरांचं मत असेल, तर त्याचाही दावा करता येतो. दोन्ही गुडघ्यांना ३० टक्के मिळाले, तर बेरीज साधी होत नाही, ५१ होतात. दोन्ही पाय बाधित म्हणून त्यावर दहावा हिस्सा वाढतो आणि ५६ येतात, ते ६० धरले जातात.

निर्णय पटला नाही, तर वर्षाच्या आत फेरविचार मागता येतो. घरच्यांचं लेखी निवेदनही पुरावा म्हणून स्वीकारलं जातं. तेव्हा अमेरिकेत राहणाऱ्या श्रोत्यांना विनंती: तुमच्या घरात, शेजारात असा कुणी असेल, तर त्याच्यासोबत बसा आणि तो जे बोलत नाही, ते तारखेसह लिहून द्या.