पॉलिश येत नव्हतं, तरी दुकान उघडलं



संयोजकांनी मला ‘छोटा व्यवसाय कसा सुरू करावा’ असा विषय दिला आहे. एवढा मोठा विषय माझ्या आवाक्यातला नाही. रत्नागिरीत माझं गाड्यांच्या डिटेलिंगचं दुकान आहे, त्यापुरतंच बोलतो. मघाशी चहाच्या वेळी आमच्या वरच्या बॅचच्या एका दादांनी विचारलं, “म्हणजे गाडी धुतोस ना?” हो, धुतोच. पण गाडी आतून-बाहेरून अशी साफ करायची की रंगाला, काचेला, सीटला इजा न होता ती टिकली पाहिजे. त्याला डिटेलिंग म्हणतात.

या धंद्यातलं सगळ्यात मानाचं काम म्हणजे रंगाचं पॉलिशिंग. मी दुकान उघडलं तेव्हा मला ते येत नव्हतं. “आधी पूर्ण शीक, मग दुकान घाल,” असं घरचे म्हणत होते. मी आधी दुकान घातलं आणि बाहेर पाटी लावली: ‘पॉलिशिंग केले जात नाही.’ दोन वर्षं ती पाटी होती. मित्र हसायचे. जे येत नाही त्याची जाहिरात कोण करतो!

पाटी का लावली, ते सांगतो. पॉलिश म्हटलं की आपल्याला बुटाचं पॉलिश आठवतं, वरून काहीतरी चोपडायचं. गाडीचं तसं नसतं. पत्र्यावर गंज रोखणारा थर, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक गाड्यांवर हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यात क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास. १००० मायक्रॉनचा एक मिलिमीटर होतो, आता करा हिशेब. पॉलिशमध्ये हा क्लिअर कोट घासून थोडा काढतात, म्हणजे ओरखड्यांच्या कडा सपाट होतात आणि चकाकी येते. काढलेला थर परत येत नाही. उन्हाचा मारा हाच थर झेलतो. तो फार पातळ झाला की काही वर्षांत टपावर आणि बॉनेटवर पांढरे चट्टे पडतात, पापुद्रे निघतात. मग नवीन रंग मारण्याशिवाय इलाज नसतो. गोल फिरणाऱ्या मशीनचा पॅड बॉनेटच्या कडेवर जरा जास्त रेंगाळला, तर तेवढ्यातही रंग जातो. दुसऱ्याच्या कर्ज काढून घेतलेल्या गाडीवर मी हात बसवायला शिकणार नव्हतो.

पण म्हणून घरी बसायचं का? पॉलिश वगळलं तरी आपल्या कोकणात काम भरपूर आहे. पावसाळ्यात बंद उभ्या गाडीत स्टिअरिंगवर, सीटबेल्टवर बुरशी धरते. महामार्गावरून आलेल्या गाडीच्या खालच्या भागाला डांबराचे ठिपके असतात. मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली गाडी लावली की तुडतुड्यांचा चिकटा पडतो. बोअरच्या पाण्याचे डाग काचेवर बसतात. प्रेशर वॉशर, ओलं-सुकं ओढणारा व्हॅक्यूम, बादल्या, चांगली मायक्रोफायबर फडकी आणि एक प्रखर टॉर्च एवढ्यावर हे सगळं होतं. शिकायला मात्र यातही आहे. पुढच्या सीटखाली एअरबॅगच्या आणि सेन्सरच्या वायरी असतात, तिथे पाणी मारायचं नाही, हे ठाऊक नसेल तर सीट धुणंही महागात पडतं.

आणि धुता धुताच रंग कळू लागतो. उन्हात गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात ना, ते बहुतेक धुण्या-पुसण्यातूनच पडतात. रोज सकाळी एका बादलीत एकच फडकं बुडवून चार-पाच गाड्या पुसल्या जातात. आपली तांबडी धूळ त्या फडक्यात अडकते आणि पुढच्या गाडीवर घासली जाते. म्हणून माझ्याकडे दोन बादल्या असतात, एक साबणाची आणि एक फडकं खळबळायची. चाकांसाठी फडकं वेगळं. गाडी आधी नुसत्या पाण्याने धुवायची, मग वरून खाली, तीही सावलीत. पॉलिशची निम्मी गरज इथेच टळते, हे माझं मत. पॉलिशवाल्यांना ते आवडत नाही.

पाटीची किंमतही सांगतो. पहिल्याच वर्षी एक गृहस्थ काळी गाडी घेऊन आले. मुलीचं लग्न आठ दिवसांवर. म्हणाले, “दुप्पट पैसे घे, पण आरशासारखी कर.” मी म्हटलं, “काका, स्वच्छ करीन, वॅक्स लावीन. ओरखडे राहतील.” भर उन्हात नेऊन ते दाखवलेसुद्धा. ते चिडून निघून गेले, परत आले नाहीत. त्या महिन्याचं दुकानाचं भाडं आईने भरलं. आज ते गृहस्थ या सभागृहात असते, तरी मी हेच सांगितलं असतं.

ओरखडे तात्पुरते बुजवणारी ग्लेझ बाजारात मिळते. गाडी देताना झळाळते, चार वेळा धुतली की ओरखडे पुन्हा हजर. ओरखडे तसेच ठेवून वर सिरॅमिक कोटिंग मारणारेही आहेत. तुम्ही गिऱ्हाईक असाल तर गाडी ताब्यात घेताना टॉर्च मारून बघा आणि किती मायक्रॉन निघाले ते विचारा. रंगाची जाडी मोजायचं यंत्र असतं. ते ज्याच्याकडे नाही, त्याच्याकडे पॉलिश करू नका.

पॉलिश मी एका जुन्या डेंटिंग-पेंटिंगवाल्या उस्तादांकडे शिकलो. सोमवारी दुकान बंद असायचं, तेव्हा जायचो. त्यांनी भंगारातलं एक बॉनेट आणायला लावलं आणि पहिल्या दिवशी त्याचा रंग मुद्दाम जाळायला सांगितला. म्हणाले, “किती वेळात जातो ते हाताला कळू दे, मग वाचवायला शीक.” त्या बॉनेटच्या मध्यावर चिकटपट्टी लावून एक बाजू मी तशीच ठेवायचो, म्हणजे फरक दिसायचा. अशी सहा बॉनेटं झाली. मग घरची जुनी गाडी, मग मामांची, त्यांना विचारून. त्यानंतर पाटी काढली. आजही गाडी आली की आधी हातभर जागेवर सगळ्यात सौम्य पॉलिश लावून बघतो. तेवढ्याने भागलं तर जास्त कापणारं कंपाऊंड डबीतच राहतं.

मागच्या बाकांवरच्या कुणाला शिकायचं असेल तर सोमवारी या. सहावं बॉनेट अजून ठेवलंय, त्याच्या एका कोपऱ्यात अजून रंग आहे. फक्त गणपतीच्या आणि मे महिन्याच्या दिवसांत येऊ नका. मुंबईच्या गाड्या असतात, जेवायलाही सवड नसते.