कमावणे



मी भाषेचा मास्तर, रसायनाचा नव्हे. म्हणून शब्दापासून आरंभ करतो. मराठी माणूस पैसा कमावतो, शरीर कमावतो आणि कातडेही कमावतो. पहिल्या दोहोंचा आपण गौरव केला. तिसरे काम गावकुसाबाहेर ठेवले. आपल्या अथणीच्या चपलेचे कातडे बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावले जाई; त्याला आठवडेच्या आठवडे लागत. क्रोमने ते काम दिवसाभरावर आणले. मात्र रूढ पद्धतीत सुमारे एक तृतीयांश क्रोम कातड्यात न मुरता सांडपाण्यात उतरते. तामिळनाडूत पालार नदीचे खोरे चर्मोद्योगाच्या सांडपाण्याने नासले आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाला त्यात लक्ष घालावे लागले.

१९४८ साली मद्रासेत स्थापन झालेल्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने पाण्याविना क्रोम मुरविण्याची रीत काढली. मला त्याहून मोलाचे वाटते ते विकरांवरील संशोधन. चुना आणि सोडियम सल्फाइड केसांचा लगदा करतात. विकरे मुळे सैल करतात, केस अखंड सुटतो आणि सल्फाइडची गरज घटते. त्या पाण्यात आम्ल मिसळले की विषारी वायू निघतो. असे हौद साफ करायला उतरलेली माणसे दगावली आहेत. ती कोणत्या वस्तीतली असतात, हे या सभेला मी सांगायला नको.