ऐकणाऱ्याला घडवताना



शाळेच्या हीरक महोत्सवात श्रवणचिकित्सेचा विषय काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु हाक मारल्यावर न वळणारे मूल ‘लक्ष देत नाही’ या शेऱ्याखाली कित्येकदा वर्षानुवर्षे दडून राहते. त्याला तेथून बाहेर काढणारा माणूस कसा घडतो, हा प्रश्न मुळात अध्यापनाचाच आहे.

भारतात ही विद्याशाखा जवळपास या शाळेच्याच वयाची. मैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ मध्ये स्थापन झाली. मुंबईत नायर रुग्णालयाच्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात १९६६ मध्ये पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. आज हा अभ्यासक्रम चार वर्षांचा असून त्यातील अखेरचे वर्ष प्रत्यक्ष सेवेचे असते. पुढे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही. तोवर विद्यार्थ्याच्या पाठीशी एक ज्येष्ठ श्रवणतज्ज्ञ उभा असतो. या उभे राहण्यातच सारी कला आहे.

सर्वांत साधी वाटणारी तपासणी घ्या. रुग्णाच्या कानांवर हेडफोन चढवून निरनिराळ्या उंचीचे स्वर ऐकवायचे. स्वर ऐकू आला की त्याने बोट वर करायचे. बहुधा १००० हर्ट्झपासून आरंभ होतो. प्रतिसाद आला की आवाज १० डेसिबलने उतरवायचा, न आला तर ५ डेसिबलने चढवायचा. नियम एवढाच, आणि तो एका दुपारी पाठ होतो. पण नवखा विद्यार्थी नकळत ठेका धरतो. दर तीन सेकंदांनी कळ दाबली जाते, समोरची आजी त्या ठेक्यावर बोट उचलू लागते आणि श्रवणालेखावर प्रत्यक्षापेक्षा चांगला कान उमटतो. लहान मूल तर याहून चतुर. त्याला स्वर ऐकू येवो न येवो, कळ दाबताना तपासनिसाच्या भुवया हललेल्या त्याला दिसतात, आणि ते ठोकळा डब्यात टाकून मोकळे होते.

अशा वेळी मागे बसलेल्या मार्गदर्शकाने काय करावे? तत्काळ हात पुढे करून यंत्राचा ताबा घेणे सोपे. रुग्णांची रांगही लांब असते. पण चांगला मार्गदर्शक क्षणभर थांबतो. तपासणी पुन्हा करता येण्याजोगी आहे, रुग्णाला इजा नाही, म्हणून तो तपासणी पूर्ण होऊ देतो आणि मग एवढेच विचारतो, “आजी तुझ्याशी बोलताना दोनदा ‘काय?’ म्हणाल्या. या आलेखाशी ते जुळते का?” विद्यार्थ्याला विसंगती स्वतः सापडली, की पुढच्या रुग्णाच्या वेळी ठेका आपोआप मोडतो. आजींची दहा मिनिटे अधिक गेली हे खरे. त्या दहा मिनिटांबद्दल त्यांना आधी सांगून त्यांची संमती घेणे हा शिष्टाचार नव्हे, कर्तव्य आहे. रुग्ण हा फळा नाही.

मात्र हा संयम सरसकट नाही. श्रवणयंत्राच्या साच्यासाठी कानाची छाप घेताना कानात द्रव पदार्थ भरावा लागतो. तो पडद्यापर्यंत जाऊ नये म्हणून आधी दोरा बांधलेला स्पंजचा बोळा नलिकेच्या दुसऱ्या वळणापलीकडे बसवतात. हाताचा आधार रुग्णाच्या गालावर हवा, म्हणजे मुलाने मान झटकली तरी हात त्याच्यासह हलतो. येथे चूक होऊ द्यायची नसते. मार्गदर्शकाचा हात विद्यार्थ्याच्या हाताशेजारीच असतो, आणि आधार सुटलेला दिसताच काम थांबते. कोणती चूक शिकवते आणि कोणती केवळ इजा करते, हा विवेक ज्याला नाही त्याने विद्यार्थी घेऊ नयेत.

भाषेचा पेच तर या सभेला चांगलाच ठाऊक आहे. मोठ्या संस्थांत देशभरातून विद्यार्थी येतात आणि रुग्ण आपापली भाषा घेऊन येतात. शब्द ऐकवून जी तपासणी करतात, तिच्यात रुग्णाने ऐकलेला शब्द परत म्हणायचा असतो. वार्धक्यात बहुधा उंच स्वरांचे श्रवण आधी जाते. स्वरवर्ण उरतात आणि ‘स’, ‘श’, ‘त’ यांसारखी बारीक व्यंजने हरवतात. म्हणून आजोबा म्हणतात, “ऐकू येते, पण कळत नाही.” ‘कान’ म्हटल्यावर त्यांनी ‘पान’ म्हटले, तर मराठी न जाणणाऱ्या कानाला तो फरक निसटू शकतो. समंजस मार्गदर्शक येथे त्या भाषेच्या सहाध्यायाला शेजारी बसवतो, मग तो वर्गात मागे पडणारा का असेना. परप्रांतात वाढलेल्या, घरी मराठी बोलणाऱ्या एखाद्या मुलीला आपल्या मातृभाषेचे मोल अशाच खोलीत प्रथम कळावे, हे नवल नाही.

सर्वांत अवघड शिक्षण मात्र यंत्राजवळ होत नाही. बाळाची तपासणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत आणि उपचार सहाव्यापर्यंत, अशी या क्षेत्राची सर्वमान्य मर्यादा आहे. समजा, बाळ त्या मर्यादेत आले आहे. निद्रिस्त बाळाच्या डोक्यावर इलेक्ट्रोड लावून केलेल्या बेरा तपासणीत दोन्ही कानांत तीव्र श्रवणऱ्हास आढळला आहे. आई विचारते, “बोलेल ना?” विद्यार्थी घाबरतो आणि डेसिबल सांगू लागतो. आकडे बोलले की शांतता भरून निघते, असे त्याला वाटते. आईपर्यंत त्यातील काहीच पोचत नाही.

हे वाक्य पहिल्यांदा विद्यार्थ्याच्या तोंडी देऊ नये, हेच उचित. अनेक भेटींत त्याने फक्त पाहावे: मार्गदर्शक खुर्ची जवळ कशी ओढतो, बातमी साध्या शब्दांत कशी सांगतो, आणि त्यानंतर किती वेळ गप्प राहतो. ते मौन शिकायला महिने लागतात. मग एखाद्या दिवशी श्रवणयंत्राची माहिती विद्यार्थ्याने द्यावी, पुढे कधी निदानही त्यानेच सांगावे आणि मार्गदर्शकाने कोपऱ्यात बसावे. जीन अँडरसन या अमेरिकन विदुषीने १९८८ च्या ग्रंथात पर्यवेक्षणाचा असाच प्रवाह मांडला: आरंभी मार्गदर्शक मूल्यमापन करतो, मध्ये दोघे मिळून विचार करतात, शेवटी विद्यार्थी स्वतःचाच परीक्षक होतो. नव्या प्रकारचा रुग्ण आला की अखेरच्या वर्षाचा विद्यार्थीही पुन्हा आरंभाशी येतो, हे त्या मांडणीचे शहाणपण.

विद्यार्थ्याच्या चुकीची चर्चा रुग्णासमोर नको, हे सांगायला हवे असे नाही. तरी गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात ते विसरले जाते. दार लावून दोन मिनिटे बोलायला स्वतंत्र खोली नसते, ही खरी अडचण आहे आणि ती केवळ सद्भावनेने सुटत नाही.

पुनर्भेटीच्या दिवशी विद्यार्थ्याला आवर्जून बोलवावे. महिन्याभराने आजी येतात, पिशवीतून रुमालात गुंडाळलेली यंत्रे काढतात आणि “कानात शिट्टी वाजते” म्हणतात. लाल खुणेचे यंत्र उजव्या कानाचे, निळे डाव्या कानाचे, हे त्यांना सांगितले होते. करून मात्र घेतले नव्हते. विद्यार्थी आजींच्या शेजारी बसतो आणि यंत्र आजींच्याच हातात देतो. मार्गदर्शक दाराशी उभा असतो. तो आत येत नाही.